शरदात गावशिवारातल्या पक्ष्यांची ये-जा कशी टिपावी

सप्टेंबरअखेर ते दिवाळी या दिवसांत खान्देशातल्या शिवारात पक्ष्यांची मोठी अदलाबदल होते. नवा आलेला लगेच नजरेत भरतो. गेलेला मात्र पंधरा दिवसांनी आठवतो. म्हणून सगळी मदार नोंदीवर.

आधी दीड-दोन किलोमीटरची एकच वाट ठरवा. तिच्यावर कपाशी-ज्वारीची वावरं, पडीक माळ, नाला किंवा केटी वेअर (कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा) आणि विजेच्या तारा यायला हव्यात. केळीची बाग सोडा, आतलं काही दिसत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी साडेसहा ते आठ, पूर्वेच्या टोकाकडून निघा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. उलटं चाललात तर प्रत्येक पक्षी काळाच दिसणार. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. फवारणी चालू असेल तो बांध टाळा.

वहीत तारीख, वेळ, जागा, संख्या लिहा. शिवाय या दहा जणांपुढे दर वेळी ‘दिसला’, ‘ऐकला’ किंवा ‘नाही’ लिहाच: चातक, पावशा, कोकीळ, सुगरण, गायबगळा, पांढरा धोबी, थिरथिरा, गप्पीदास (स्टोनचॅट), भोरडी (गुलाबी मैना), भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी). ‘नाही’ लिहायचा कंटाळा केला, तर चातक आफ्रिकेकडे कधी निघाला ते कळायचं नाही.

पावशा आणि कोकीळ यांच्याबाबत घाई नको. पाऊस सरला की ते गप्प होतात, गाव सोडतातच असं नाही. सुगरणीचा नर पिवळा रंग टाकून चिमणीच्या मादीसारखा दिसू लागतो. जाड चोच आणि बाजरीच्या कापलेल्या वावरातला थवा यांवरून ओळखा. गायबगळ्याचा केशरी रंगही याच सुमारास उतरतो.

सगळ्यात जास्त घोळ धोब्यांचा. बारमाही मोठ्या धोब्याची पाठ काळी आणि भुवई ठळक पांढरी; पाहुण्या पांढऱ्या धोब्याची पाठ राखाडी. पहिल्यालाच पाहुणा समजून आगमनाची तारीख चुकते. भोरडीची पिल्लं गुलाबी नसतात, मातकट असतात, चोच पिवळसर. भोवत्याची मादी आणि पिल्लू यांची जात ठरवायला बसू नका, नुसतं ‘भोवत्या’ लिहा.

थिरथिऱ्यासाठी रानात जायची गरज नाही. गोठ्याच्या भिंतीवर, धाब्याच्या घराच्या कडेला बसतो, मधूनच झुकतो आणि तांबूस शेपूट थरथरवतो. नर वरून काळा, पोट विटकरी, मादी मातकट. एकदा जागा धरली की बहुधा थंडीभर तिथेच, त्यामुळे पहिली तारीख नेमकी मिळते.

बदकांसाठी तापीवरच्या हतनूर धरणाचा फुगवटा उत्तम, पण ऑक्टोबरात नाही. तेव्हा पाणी काठोकाठ असतं, चिखल उघडा पडलेला नसतो, म्हणून तुतवारासारखे काठावरचे पक्षीही थोडेच दिसतात. चांगदेवच्या बाजूला डिसेंबरात जा.