कांद्याच्या डोंगळ्यांवर मधमाश्या आणायच्या तर: गूळपाणी, पेट्या आणि फवारणीची शिस्त

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांना येणारे फुलांचे दांडे, जानेवारीच्या शेवटी फुलायला लागतात. पुढचे तीन-चार आठवडे उळ्याचे (कांद्याच्या बियाण्याचे) सगळे गणित मधमाश्यांवर असते. गोंड्यातल्या (दांड्याच्या टोकावरच्या झुबक्यातल्या) एकेका फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे दुसऱ्या फुलावरून पराग आणून द्यावा लागतो. कांद्याचा पराग चिकट असल्याने वाऱ्याने हे काम होत नाही. गोंड्यांवरून हात किंवा फडके फिरवून थोडाफार फरक पडतो, पण फुले रोज नवी उमलतात आणि रोज एकरभर हात फिरवायला मजूर परवडत नाहीत.

माश्या कांद्यावर मनापासून येत नाहीत, याला कारण आहे. कांद्याच्या मकरंदात पालाश (पोटॅशियम) जास्त असते आणि ते त्यांना आवडत नाही. वरून कोरडे ऊन पडले की मकरंद घट्ट होतो. जवळ धने, मोहरी किंवा सूर्यफूल फुललेले असेल तर माश्या तिकडेच रमतात. म्हणून आकर्षकाचा, म्हणजे माश्यांना ओढून आणणाऱ्या फवारणीचा, विचार करावा लागतो. मात्र शिवारात माश्याच नसतील, तर गूळपाण्याने त्या निर्माण होणार नाहीत. आसपास असलेल्यांना ते तुमच्या वावराकडे वळवते, एवढेच.

घरच्या घरी करायचे तर गुळाचे 10 टक्के द्रावण पुरते, म्हणजे लिटरला 100 ग्रॅम. सोळा लिटरच्या पंपाला दीड किलोच्या आसपास गूळ लागतो. गूळ आदल्या रात्री भिजत घालू नका, आंबतो. सकाळी कोमट पाण्यात विरघळवा आणि सुती कापडातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबते. पहिली फवारणी साधारण 10 टक्के फुले उमलल्यावर आणि दुसरी निम्मा फुलोरा आल्यावर करा. वेळ दव सुकल्यानंतरची, माश्या जोरात फिरू लागण्याआधीची. गोंड्यांवर बारीक तुषार बसले की पुढे सरका. एकरी 60 ते 80 लिटर द्रावण भरपूर झाले. बाजारातले तयार आकर्षक वापरणार असाल तर लेबलावरचेच प्रमाण घ्या. वास जास्त झाला म्हणून माश्या जास्त येतात असे नाही.

इथे चुका होतात त्या अशा. झाड चिंब भिजवले की माश्या पाने चाटत बसतात आणि फुलाला शिवतही नाहीत. दांड्यावर गोड थर राहिला की मुंग्या चढतात आणि काळी बुरशी धरते. ढगाळ हवा असेल किंवा जांभळा करपा हा रोग दिसत असेल, तर गूळपाणी पूर्ण टाळा. बांधावर साखरपाण्याच्या ताटल्या ठेवणे तर उलटेच पडते: माश्यांना आयते मिळाले की त्या फुलांवर कशाला जातील? शिवाय मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये एकमेकींचा मध लुटणे सुरू होते आणि एका पेटीतला रोग दुसरीत जातो. फवारणीचा परिणाम दोन-तीन दिवसच टिकतो, हेही गृहीत धरा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र फुलकिड्यांसाठी फुलोऱ्यात केलेल्या फवारणीने होते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल, क्लोरपायरीफॉस, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांतले काहीही उमललेल्या फुलांवर पडले की माश्या मरतात, आणि वाचलेल्यांनाही घराची वाट सापडत नाही. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी संपवा. नंतर गरज पडलीच तर निंबोळीवर आधारित औषध घ्या आणि तेही सूर्य मावळल्यावर फवारा. कीटकनाशक किंवा बुरशीनाशकात गूळ मिसळून 'एकात दोन कामे' करू नका. तो माश्यांसाठी विषाचा घास होतो. आकर्षकासाठी पंप वेगळा ठेवा, तणनाशकाचा तर मुळीच नको. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, कारण माशी बांध ओळखत नाही.

शिवारात माश्या कमी असतील तर पेट्या आणाव्याच लागतील. मेलिफेराच्या (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीच्या) दोन-तीन चांगल्या भरलेल्या पेट्या एकराला ठेवा. चौकटींवर अंडी-अळ्या भरपूर दिसल्या पाहिजेत, कारण अळ्यांना भरवायला पराग लागतो आणि तो आणायला माश्या जास्त बाहेर पडतात. पेट्या 10 टक्के फुलोरा आल्यावरच आणा. आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या पिकाची सवय लावून घेतात आणि मग कांदा डोंगळ्यांकडे फिरकत नाहीत. हलवाहलव रात्री करा, तोंड पूर्वेकडे आणि वर सावली ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. जवळ उथळ पराती ठेवून त्यांत खडे टाका आणि पाणी रोज बदला. पेट्यांसाठी जिल्ह्यातील खादी व ग्रामोद्योग कार्यालयाकडे किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे चौकशी करता येते. आग्या आणि फुलोरी या माश्या पेटीत राहत नाहीत, पण डोंगळ्यांवर त्यांचे काम मोठे आहे. झाडावरची पोळी जाळू नका.

कडेला धने किंवा मोहरी लावली असेल तर ती डोंगळ्यांच्या थोडी आधी फुलावी. त्या फुलांनी माश्या वावरात आल्या आणि कांदा फुलू लागला की कडेचे पीक कापून टाका. तसेच उभे राहिले तर माश्या तिथेच अडकतात. पिकाला पाण्याचा ताण बसू देऊ नका, मकरंद आटतो. ठिबक उत्तम. तुषार सिंचन या दिवसांत बंद ठेवा, पराग धुऊन जातो.

माश्या बोलावताना विलगीकरण अंतर विसरू नका. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या जातीचे डोंगळे किमान 500 मीटर, पायाभूतसाठी 1000 मीटर लांब हवेत. नाहीतर जात बिघडवण्याचे काम त्याच माश्या करतात.

फायदा झाला की नाही हे पाहायला एका कोपऱ्यात दोन वाफे न फवारता सोडा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास दोन्हीकडे एक चौरस मीटरवर पाच मिनिटे उभे राहून माश्या मोजा. फवारणीआधी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. बी भरल्यावर दोन्हीकडची वीस-वीस बोंडे फोडा. बोंडात तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन, म्हणजे जास्तीत जास्त सहा बिया बसतात. बहुतेक बोंडांत एखादीच बी किंवा रिकामे कप्पे दिसले तर परागीभवन कमी पडले. कप्पे भरलेले पण बी सुरकुतलेले असेल तर आकर्षकाला दोष देऊ नका, कारण उष्णता, पाणी किंवा फुलकिडे यांत शोधा.