पातळ पण दमदार लॅपटॉप: घेण्याआधी पारखायचा कसा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कॅडवर (संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरवर) ड्रॉइंग करणारा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा आणि खानापूर-निपाणीहून रोज बसने बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजला येणारा विद्यार्थी, तिघांनाही दुकानात हल्ली एकाच तऱ्हेचा लॅपटॉप दाखवतात. दीड-पावणेदोन किलो वजन, धातूची बॉडी, आत आय-सेव्हन प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. बॉक्सवर लिहिलेली ताकद खोटी नसते, पण पातळ लॅपटॉप ती किती वेळ टिकवतो हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं. ते आपणच पाहायचं.

१. आधी कामाची जात ओळखा

सॉलिडवर्क्ससारख्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये एखादा पार्ट काढताना प्रोसेसरवर भार येतो तो झटक्याझटक्याने. दोन सेकंद जोर, मग विश्रांती. अशा कामाला पातळ लॅपटॉप उत्तम. टॅली, एक्सेल, प्रोग्रॅमिंगलाही तसाच. पण दोन तासांचा लग्नाचा व्हिडिओ फोर-केमध्ये एक्स्पोर्ट करायचा असेल, तर भार सलग राहतो आणि पातळ अंगात तयार झालेली उष्णता बाहेर पडायला जागा पुरत नाही. रोज असं काम असेल तर अडीच किलोचा जाड लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घ्या. त्याच पैशात जास्त काम होईल.

२. वॉट विचारा, नुसतं नाव नको

आय-सेव्हन १३७००एच या प्रोसेसरची वीज खाण्याची मूळ मर्यादा ४५ वॉट आणि जोरात असतानाची ११५ वॉट. पातळ लॅपटॉप ११५ च्या आसपास काही सेकंद जाऊ शकतो, मग उतरतो. नावाच्या शेवटी एचऐवजी यू असेल तर मूळ मर्यादा साधारण १५ वॉट.

ग्राफिक्स कार्डात फसगत अधिक. एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाचं लॅपटॉपमधलं रूप कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवू शकतात. नाव तेच, स्टिकर तोच, काम मात्र बरंच कमी-जास्त. एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडलं की कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा दिसतो. तो पाहिल्याशिवाय किमतीवर बोलू नका.

३. दुकानातली वीस मिनिटं

हीच खरी परीक्षा. पेन ड्राइव्हवर सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरची ताकद मोजून गुण देणारं सॉफ्टवेअर) आणि एचडब्ल्यूइन्फोची (तापमान आणि वॉट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची) इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती घेऊन जा आणि डेमोच्या लॅपटॉपवर चालवू द्या म्हणून सांगा. चार्जर जोडा, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा. आधी सिनेबेंचमधली किमान दहा मिनिटं चालवायची अट बंद करून मल्टी-कोअर (प्रोसेसरचे सगळे कोअर वापरणारी) चाचणी एकदा चालवा आणि गुण लिहून घ्या. मग अट चालू करून पूर्ण दहा मिनिटं चालवा.

दुसरे गुण पहिल्यापेक्षा १० ते १५ टक्के कमी आले तर पातळ लॅपटॉपसाठी ते ठीक. २५ टक्क्यांहून जास्त घसरले तर तो लॅपटॉप मोठ्या कामाला घेऊ नका. चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फोत ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची ओळ पाहा. सुरुवातीला ९०-१०० वॉट आणि पाचव्या मिनिटाला ३५ दिसत असेल, तर तुम्ही पैसे मोजताय ते त्या ३५ चे. ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर होकार आला, म्हणजे तापमान मर्यादेला टेकल्यामुळे वेग कापला जातोय.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. दुकानात एसीमुळे २४ अंश असतात, एप्रिलमध्ये आपल्या खोलीत ३४. वरचे ते दहा अंश आतल्या चिपलाही सोसावे लागतात, म्हणून घरचा निकाल दुकानातल्यापेक्षा थोडा वाईटच येणार.

चाचणी संपत आली की कीबोर्डच्या वरच्या पट्टीला आणि तळाला हात लावा. डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांच्या जागी बोटं ठेववत नसतील तर तासभर टायपिंगही नकोसं होईल. पंख्याचा आवाजही तेव्हाच ऐका.

४. चार्जर आणि बॅटरीचं गणित

कॅटलॉगमधल्या वजनात चार्जर धरलेला नसतो. १८० वॉटच्या चार्जरची वीट पाऊण किलोच्या आसपास भरते. चार्जरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा: २० गुणिले ३.२५ म्हणजे ६५ वॉट, २० गुणिले ५ म्हणजे १००. लॅपटॉप जोरात असताना चार्जरपेक्षा जास्त वीज खात असेल, तर प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते.

७५ वॉट-अवरची बॅटरी हलक्या कामात १० वॉटने साडेसात तास पुरते, तीच १०० वॉटच्या भारावर पाऊण तासात संपते. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतच बॅटरी विनापरवानगी नेता येते, त्यामुळे कितीही महाग लॅपटॉप घेतला तरी बॅटरी ९९ च्या आसपासच थांबते. वीज जाण्याच्या दिवसांत हा हिशेब करूनच घ्या.

५. आत काय बदलता येतं

टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच जोडलेली, पुढे वाढणार नाही. अशा वेळी कॅड किंवा व्हिडिओसाठी ३२ जीबी आजच घ्या. ‘सोडिम’ (काढून बदलता येणारी रॅम) दिसलं तर १६ वर सुरुवात चालेल. एसएसडीसाठी दुसरा स्लॉट आहे का तेही विचारा.

एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते सांगणारी मापं. स्क्रीनच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर रंग फिके; फोटो-व्हिडिओवाल्यांनी १०० टक्के एसआरजीबीच घ्यावं.

६. वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का

‘ऑन-साइट’ शब्दावर विसंबू नका. खानापूर, चिक्कोडी, निपाणीचा पिनकोड देऊन इंजिनिअर घरी येतो का ते आधी लेखी घ्या. नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला हुबळी किंवा कोल्हापूर गाठावं लागेल.

७. घरी आणल्यावर

जुन्या घरात चार्जिंग करताना धातूच्या कडेला हाताला झिणझिण्या आल्या, तर दोष बहुधा अर्थिंगचा. तीन पिनांच्या वायरला टू-पिन कन्व्हर्टर लावला की अर्थिंग तुटतं. कन्व्हर्टर काढा, सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

उद्यमबागेतली भट्टीची बारीक धूळ आणि निपाणीकडची तंबाखूची पूड पंख्यामागच्या बारीक पत्र्यांत गच्च बसते आणि वर्षभरात तापमान चढत जातं. सहा महिन्यांनी लॅपटॉप बंद करून हवेचा फवारा मारा; पंखा काडीने धरून ठेवा, मोकळा भिरभिरला तर बेअरिंग बिघडतं.

सतत प्लगवर काम असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर खालची बॅटरी फुगली असं समजा आणि लॅपटॉप वापरणं त्याच दिवशी थांबवा.

बसने निघण्याआधी नुसतं झाकण लावून बॅगेत टाकू नका. स्लीपमधला लॅपटॉप कधीकधी बॅगेतच जागा होतो, हवा मिळत नाही, आणि बेळगाव येईपर्यंत तापून अर्धी बॅटरी गेलेली असते. शटडाउन करा, नाहीतर सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर ‘हायबरनेट’ निवडा.