पाथफाइंडर शिबिर: शुक्रवारी दिवस मावळण्याआधी तणावे पक्के

सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या पाथफाइंडर क्लबात साधारण 10 ते 15 वर्षांची मुलं असतात आणि शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे कामं बंद ठेवून पाळायचा विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, लागतो. तंबू, सरपण, शनिवारचं जेवण, सगळं त्याआधी उरकायला हवं. म्हणून सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी मैदानावर पोहोचा. घाईत ठोकलेली मेख हमखास उपटते.

मेखेचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवून ती ठोका. तणाव्याची, म्हणजे तंबू ताणून धरणारी, दोरी मेखेभोवतून घ्या आणि मोकळं टोक तंबूकडून येणाऱ्या ताणलेल्या दोरीपाशी आणा. आता तयार झालेल्या फासाच्या आत, मेखेच्या बाजूने, ताणलेल्या दोरीला दोन वेढे द्या. मग ते वेढे ओलांडून तंबूच्या बाजूला, त्याच दिशेने तिसरा वेढा घ्या, टोक त्याच्याखालून काढा आणि आवळा. ही गाठ हाताने सरकते, पण ताण आला की जागीच धरते. मुलं बहुतेक वेळा आत एकच वेढा घेतात, मग ती घसरत राहते. गुळगुळीत नायलॉनला तर आत तीन वेढेच हवेत.

नायलॉन दवाने भिजलं की सैलावतं. झोपण्यापूर्वी प्रत्येक गाठ तंबूकडे सरकवा, दोरी पुन्हा ताठ होते. सुती दोरी उलट आखडते, तिला संध्याकाळीच थोडी ढील द्या.

सराव घरी खुर्चीच्या पायाला करून घ्या, डोळे मिटून गाठ जमेपर्यंत.