दुधाचे मापावरून वजन काढताना या चुका टाळा

‘एक लिटर म्हणजे एक किलो’ हे समीकरण पाण्याचे आहे आणि सवयीने आपण तेच दुधालाही लावतो. दुधात लॅक्टोज, प्रथिने आणि क्षार विरघळलेले किंवा मिसळलेले असल्याने ते पाण्यापेक्षा थोडे जड असते. साधारण तापमानाला त्याची घनता दर मिलिलिटरला सुमारे १.०३ ग्रॅम भरते, म्हणजे एक लिटर दूध सुमारे १०३० ग्रॅमचे होते. एका कपामागे हा फरक सात-आठ ग्रॅमचाच असतो आणि तो बहुधा चालून जातो. पण शंभर लिटरच्या हिशोबात तोच तीन किलोंवर जातो.

गुणायचे की भागायचे, इथेही गोंधळ होतो. मिलिलिटरवरून ग्रॅम काढताना १.०३ने गुणावे, ग्रॅमवरून मिलिलिटर काढताना भागावे. ५०० ग्रॅम दूध सुमारे ४८५ मिलिलिटर होते. उत्तरात ग्रॅमचा आकडा मिलिलिटरपेक्षा लहान आला, तर क्रिया उलटी झाली आहे हे लगेच ओळखता येते.

माझ्या मते खरी मोठी चूक घनतेत नसून मापात असते. ‘एक कप’ कुठे २५० मिलिलिटरचा धरतात, तर अमेरिकी पाककृतींत सुमारे २३७ मिलिलिटरचा. दुधाच्या भाषेत हे अनुक्रमे सुमारे २५८ आणि २४४ ग्रॅम झाले. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असला, तरी ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा आहे. औंसाचे तर आकारमानाचे आणि वजनाचे एकक वेगळे आहे: आठ अमेरिकी द्रव औंस दूध सुमारे २४४ ग्रॅम भरते, उलट वजनाचे आठ औंस म्हणजे २२७ ग्रॅमच. त्यामुळे माप कोणत्या पद्धतीचे आहे, याची खात्री झाल्याशिवाय गुणाकार करून उपयोग नाही.

दाट, सायीचे दूध जड असणार हा समजही तपासून पाहावा, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो. म्हणूनच तितक्याच मापाचे मलई काढलेले दूध पूर्ण स्निग्धांशाच्या दुधापेक्षा किंचित जड भरते (घनता सुमारे १.०३५), आणि घट्ट क्रीमचे वजन जवळपास पाण्याइतके येते. कंडेन्स्ड मिल्कला मात्र १.०३ लावणे ही मोठीच चूक ठरते. साखरेमुळे त्याची घनता १.३च्या आसपास असते.

गरम दूध प्रसरण पावते, म्हणून त्याच भांड्यात ते वजनाने कमी मावते; शिवाय उकळताना पाणी उडून जाते ते वेगळेच. नुकत्याच ओतलेल्या दुधावर फेस असेल, तर तो बसेपर्यंत थांबावे, नाहीतर आपण हवाही मोजतो. मापाचा पेला हातात उचलून न धरता सपाट जागी ठेवावा आणि डोळे रेघेच्या पातळीवर आणून वाचन घ्यावे. वरून पाहिल्यास दूध आहे त्याहून जास्त भासते.

वजनकाट्यावर ‘मिली’ हा पर्याय दिसला, तर तो पाण्याच्या घनतेवर चालतो का, हे आधी पाहावे. तसे असेल, तर तो ५०० दाखवत असताना भांड्यात प्रत्यक्षात ४८५ मिलिलिटरच दूध असते. त्यापेक्षा काटा ग्रॅमवर ठेवून, ज्या भांड्यात दूध वापरायचे तेच त्यावर ठेवून शून्य करावे आणि त्यातच दूध ओतावे. म्हणजे मापाच्या पेल्याला चिकटून राहणारे दूधही हिशोबातून निसटत नाही.