मंडळीतील वेगळ्या माणसाविषयी मत बनवताना काय पाहावे

रोमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, यहूदी आणि विदेशी (यहूदी नसलेल्या) अशा दोन्ही घरांतून आलेले लोक होते. कोणी मांस वर्ज्य करून केवळ भाजीपाला खात असे, कोणी ठरावीक दिवस पवित्र मानत असे, तर कोणाला सगळे दिवस सारखेच वाटत. इ. स. 57 च्या सुमारास ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने त्यांना जे पत्र लिहिले, त्याच्या चौदाव्या अध्यायात त्याने स्वतःचे मत लपवले नाही. परंतु ते इतरांवर लादलेही नाही. आपल्या मंडळीत मतभेद उद्भवतात तेव्हा हा अध्याय आधी वाचावा आणि मगच बोलावे.

वाचताना एक गोष्ट नीट पाहावी. पौल दोन्ही बाजूंना ताकीद देतो, पण ती एकसारखी नाही. खाणाऱ्याला तो सांगतो की न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नकोस, आणि न खाणाऱ्याला सांगतो की खाणाऱ्याला दोषी ठरवू नकोस. मोकळ्या विचारांचा माणूस सहसा हसतो, आणि कडक शिस्तीचा माणूस शिक्षा सुनावतो. यांपैकी आपला कल कोणता, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे ओळखावे. येशूने सांगितलेले, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ आधी काढण्याचे काम तिथूनच सुरू होते.

त्यानंतर समोरची बाब कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे. कोणी भगिनी मंगळसूत्र घालते, कोणी घालत नाही; कोणी उपवासकाळात मांसाहार सोडते; कोणाला टाळमृदंगाच्या भजनात प्रार्थना सापडते, तर कोणाला शांत गुडघे टेकण्यात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मराठी माणसाच्या ओठी आणली. ती वाट ज्याला मानवत नाही त्याने ती धरू नये, पण तिच्यावरून चालणाऱ्याच्या विश्वासाविषयी शंकाही घेऊ नये. पवित्र शास्त्राची स्पष्ट आज्ञा आणि आपल्या घरची सवय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाब सवयीची असेल, तर दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, हा पौलाचा प्रश्न स्वतःला विचारून थांबावे. राहवत नसेल तर त्या व्यक्तीलाच कारण विचारावे. तिच्या शेजाऱ्याला नव्हे.

मात्र हाच पौल अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याला सर्वांसमोर खडसावून बोलला होता. पेत्र आधी विदेशी बंधूंबरोबर जेवत असे. यरुशलेमेकडून काही लोक आल्यावर तो भीतीने त्या पंगतीतून उठला. ताटात काय वाढले आहे याबाबत उदार असलेला पौल पंगत वेगळी होताच कठोर झाला, आणि माझ्या मते आपल्याला सर्वाधिक शिकण्यासारखे आहे ते इथेच. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलाचे शिक्षण, नोकरी, मंडळी हे सारे विचारून झाल्यावर आवाज थोडा खाली येतो आणि प्रश्न येतो, "पण मूळचे कोण?" कोकणात असो, नगरकडे असो की गोव्यात, जातीची आठवण बाप्तिस्म्यानंतरही घराघरांत टिकून राहिली आहे. हा प्रश्न विवेकबुद्धीच्या मतभेदात मोडत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे म्हटल्यावर त्या प्रतिरूपाची प्रतवारी करण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. म्हणून असा प्रश्न कानी पडला, तर वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण त्याच बैठकीत, "हे आपण विचारायला नको, मामा," असे म्हणावे.

तसेच "न्याय करू नका" हे येशूचे वचन अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी कधीही वापरू नये. नवरा मारहाण करतो असे एखादी स्त्री सांगत असेल, तर तिला क्षमेचा उपदेश करून घरी पाठवणे हा त्या वचनाचा विपर्यास आहे. मत्तयाच्या ज्या सातव्या अध्यायात हे वचन आणि मुसळाचा दाखला आहे, त्याच अध्यायात फळांवरून झाड ओळखण्याचीही शिकवण आहे. अशा वेळी आधी तिला सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे, गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्यावी, आणि समेटाची भाषा तिच्यावर लादू नये. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील एकांतात जाऊन बोलण्याची रीत साध्या अपराधांसाठी उत्तम आहे, परंतु मार खाणाऱ्या स्त्रीने मारणाऱ्याला एकटीने भेटावे असा तिचा अर्थ लावणे क्रूरपणाचे ठरेल.

मंडळीच्या कारभारातही काही करता येण्यासारखे आहे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायापाशी जागा देणाऱ्यांना फटकारले आहे. स्वागताला उभे राहणाऱ्यांनी तो भाग वाचलेला असावा. यरुशलेमेत ग्रीक भाषिक विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत असल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी ती नाकारली नाही. त्या कामासाठी मंडळीने सात जण निवडले, आणि सातही जणांची नावे ग्रीक होती. तुमच्या मंडळीत ज्यांना शेवटच्या बाकावर बसण्याची सवय लागली आहे, त्यांच्यापैकी कोणाचे नाव पुढच्या कमिटीच्या निवडणुकीत सुचवता येईल याचा विचार सभेची तारीख ठरण्याआधी करावा आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांची संमती घ्यावी.