मृगाआधी खोलीतल्या शेतीचं वायरिंग ओल्या हवेत तपासा

मे संपत आला की इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूर बाजूची मंडळी सोयाबीनचं बियाणं तपासायला बसतात. शंभर दाणे, ओलं गोणपाट, चार-पाच दिवस, आणि सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. हे दाणे कोरडे ठेवून कोणी तपासत नाही, कारण जे काय कळायचं ते ओलीतच कळतं. इंदूरच्या घराघरांत गच्चीवरच्या किंवा मागच्या खोलीत ढिंगरी (ऑयस्टर मशरूम) आणि मायक्रोग्रीन (ट्रेमधली कोवळी रोपं) घेणारे आता बरेच झालेत. त्यांनी याच दिवसांत एक दिवस वायरिंगसाठी काढावा आणि तेही ओलीत तपासावं.

आपल्याकडचा मे महिना वायरिंगच्या बाबतीत फसवा आहे. हवा इतकी कोरडी की तडकलेली वायर, टेपने गुंडाळलेला जोड, धूळ बसलेला बोर्ड सगळं गुमान चालतं. त्यात चाळीसच्या वरच्या उन्हात ढिंगरी परवडत नाही, म्हणून बरेच जण खोली बंदच ठेवतात. जूनमध्ये पुन्हा पिशव्या टांगल्या की खोलीत ८० ते ९० टक्के आर्द्रता ठेवावी लागते आणि बाहेरही पाऊस. मग बोर्डावरच्या धुळीला ओल धरते आणि त्या ओलीतून वीज हळूहळू पाझरायला लागते. बटण दाबलं की दिवा लागतोच, त्यामुळे लक्षात कोणाच्या येणार?

माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. राजेंद्र नगरातल्या आमच्या गच्चीवर लोखंडी रॅक, त्याला तारेने बांधलेल्या एलईडी ट्यूब. ओल्या हाताने ट्रे उचलला आणि कोपरापर्यंत झिणझिणी आली. वायरमनला बोलावलं तर म्हणाला, ‘‘साहब, सीलन है, बारिश में थोड़ा-बहुत तो आता ही है.’’ घरातून सल्ला आला, चप्पल घालून जात जा. शेवटी दुसऱ्या माणसाकडून बोर्ड उघडून घेतला. तीन पिनांच्या सॉकेटमागची हिरवी वायर आत नुसती कापून सोडलेली होती. बाहेरून अर्थिंग दिसत होतं, आत ते कुठेच जात नव्हतं. ‘पावसाळ्यात थोडं येतंच’ असं कोणी म्हणालं तर त्या दिवशी खोली बंद ठेवा आणि माणूस बदला.

तपासणीची पद्धत अशी. खोली रिकामी असताना ह्युमिडिफायर बाहेरच्या, आरसीसीबीमागच्या (आरसीसीबी म्हणजे वीज गळली की आपोआप खाली पडून लाइन तोडणारा खटका) सॉकेटवरून चार-पाच तास चालवा, दार लावून घ्या. त्या वेळात आत जाऊ नका, रॅकला हात लावू नका. आरसीसीबी पडला तर उत्तर तिथेच मिळालं. नाही पडला तर मेन बंद करून परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणारं यंत्र) प्रत्येक लाइन मोजून घ्या. आधी एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला लागेल तशी वीज करून देणारे डबे), टायमर वगैरे सोडवून ठेवायचे, नाहीतर ते जळतात. वाचन १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन वापरायची नाही. कोरड्या खोलीत हीच लाइन छान वाचन देईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल, म्हणून आधी ओल.

आता आरसीसीबीबद्दल सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. एमसीबी वायरला वाचवते. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला की ती पडते. माणसाला बसणारा धक्का तिला कळतही नाही, कारण जीव जायला लागणारा करंट तिच्या हिशेबात नगण्य असतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. आणि आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्यामुळे दोन्ही लागतात. एलईडी ड्रायव्हर असलेल्या खोलीत साध्या ‘एसी’ प्रकारापेक्षा ‘ए’ प्रकारचा घ्यावा. इंदुरात महाराणी रोडवरच्या विजेच्या दुकानांत मागताना हे स्पष्ट सांगा, नाहीतर जो समोर असेल तो हातात पडेल.

त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पण त्याने आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असा अर्थ काढू नका. ते बटण आतल्या आतच फरक निर्माण करतं, अर्थिंगची वायर नसली तरी आरसीसीबी पडून दाखवतो. आमच्या घरी दोन वर्षं तेच झालं.

दुसरी गोष्ट, जी ऐकून मला दर वर्षी घाम फुटतो: ‘सारखा पडतो म्हणून काढून टाकला.’ पडण्याचं कारण कधीकधी खरंच साधं असतं. प्रत्येक एलईडी ड्रायव्हरमधून अगदी थोडा करंट अर्थिंगकडे जातच असतो. एकाच आरसीसीबीवर तीस-चाळीस ड्रायव्हर लावले की ते थेंब साचतात, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. तेव्हा रॅक दोन किंवा तीन आरसीसीबींवर वाटून द्या. वाटूनही एकच पडत राहिला तर त्या बाजूला दोष आहे. एकेक रॅकचा प्लग काढत जा, सापडतो.

अर्थिंगच्या खड्ड्याचा प्रश्न माळव्यात जरा वेगळा आहे. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम. पण उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती पाइप सोडून देते. म्हणजे मेच्या शेवटी अर्थिंग वर्षातलं सगळ्यात वाईट असतं. आताच मोजून घ्या. ५ ओहमच्या आत असेल तर काळजी नाही. जास्त असेल तर खड्ड्यात पाणी घाला, भेगा बुजवा, पुन्हा मोजा. अर्थिंगच्या खड्ड्याच्या झाकणावर फरशी बसवून टाकलेली असेल, तर ती फोडण्याचा वाईटपणा घ्या.

खोलीच्या आत वीज जितकी कमी तितकं बरं. बोर्ड, टायमर, शक्य असेल तर ड्रायव्हरसुद्धा बाहेरच्या भिंतीवर. आत फक्त दिवे आणि पंखे, आणि तेही आयपी ६५ चे, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरणारे. वायर पीव्हीसी पाइपातून न्या आणि डब्यात खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) शिरवा. वरून शिरवलेल्या वायरवरून पाणी थेट डब्यात उतरतं. दिव्याला पोचण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथे गळून पडेल. आणखी एक, जे वायरमनही विसरतात: खोलीतली दमट हवा पाइपातून वाहत बाहेरच्या थंड बोर्डापर्यंत जाते आणि तिथे तिचं पाणी होतं. वायर ओढून झाल्या की पाइपाचं तोंड सिलिकॉनने बंद करा.

खोली गार ठेवायला थर्मोकोल लावला असेल तर पीव्हीसी वायर त्याला चिकटून जाऊ देऊ नका. थर्मोकोल वायरच्या आवरणातला मऊपणा शोषून घेतो. थर्मोकोल वितळल्यासारखा होतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. त्यातून थर्मोकोलखाली गाडलेल्या वायरची उष्णताही बाहेर पडत नाही. वायर आणि थर्मोकोल यांच्या मध्ये पाइप असायलाच हवा. आणि आग लागलीच तर थर्मोकोल आणि सुका भुसा यांना पेटायला वेळ लागत नाही, म्हणून ढिंगरीसाठी आणलेल्या भुशाची पोती या खोलीत साठवू नका.

लोडचा हिशेब करताना लोक दिवे मोजतात आणि खरा लोड विसरतात. चार रॅक, प्रत्येकी आठ ट्यूब, ट्यूब २० वॉटची: ६४० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला तीन अँपिअरही नाही. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर त्याला पुरते. पण दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन हवी, ४ चौरस मिलिमीटरची. दोन हजार वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला २.५ चौरस मिलिमीटर आणि १६ अँपिअरचं सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्डावर यातलं काहीही नाही.

भुसा गरम पाण्यात निर्जंतुक करायला ड्रममध्ये रॉड टाकणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे. पत्र्याचा ड्रम, ओली फरशी आणि रॉडच्या आवरणाला पडलेली बारीक चीर एवढं पुरतं. पाणी तापलं का हे हाताने बघायची सवय सोडा, थर्मामीटर घ्या. भुसा ढवळण्याआधी नुसतं बटण नाही, प्लगच काढायचा. ड्रमलाही अर्थिंगची वायर जोडून घ्या. जमलं तर हे काम गॅसवर करा.

टायमरबद्दल थोडक्यात. एलईडी सुरू होताना क्षणभर फार मोठा करंट ओढतात, त्यात स्वस्त टायमरचे संपर्क चिकटून बसतात आणि दिवे रात्रभर जळत राहतात. चार-पाचपेक्षा जास्त ट्यूब असतील तर टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा, विजेवर चालणारा स्विच) चालवा आणि कॉन्टॅक्टरने दिवे.

इन्व्हर्टर असेल तर लाइट गेलेली असताना आरसीसीबीचा खटका हाताने खाली पाडून बघा. दिवे तसेच राहिले तर त्या लाइनवर तुमच्या जिवाला संरक्षण नाही. तिथे वेगळा आरसीसीबी लागेल, आणि न्यूट्रल कसं जोडायचं हे वायरमनने त्या इन्व्हर्टरचं माहितीपत्रक वाचूनच ठरवावं. अंदाजाने केलं तर आरसीसीबी नुसता शोभेला राहतो.

पाण्याची फवारणी दिव्यांची लाइन बंद करून करा. गंधकाची धुरी देत असाल तर तिने तांब्याचे जोड काळे पडतात, म्हणून धुरीनंतर आतले होल्डर उघडून बघा. कोणाला धक्का बसलाच तर त्याला हात लावण्याआधी मेन बंद. मेन हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करायची, मग १०८. म्हणूनच मेनचा स्विच खोलीच्या दाराबाहेर, घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर हवा. आमच्याकडे तो साडेचार फुटांवर आहे, आईच्या मापाने.