शोरील कशी बांधावी: नव्या नटांसाठी

शोरील म्हणजे तुमच्या अभिनयाचे निवडक तुकडे जोडलेला छोटा व्हिडिओ, भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांना दाखवायला. एका भूमिकेसाठी अशा कास्टिंगवाल्यांकडे ढीगभर लिंका येतात. त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत काही हाताला लागलं नाही, तर तुमची रील बंद होऊन पुढची उघडते. म्हणून लांबी दीड मिनिटाच्या आसपास ठेवा. दोन मिनिटं ही वरची हद्द समजा. चांगला सीन एकच असेल तर पन्नास सेकंदांची रीलही चालते. भरतीसाठी बेताचे तुकडे घुसवले की घात होतो, कारण पाहणारा सरासरी काढत बसत नाही, सगळ्यात कच्चा तुकडा लक्षात ठेवतो.

सुरुवातीला नावाची साधी पाटी, तीन सेकंद. संपर्क शेवटच्या पाटीवर. पाटीनंतर लगेच तुमचा सगळ्यात जोरकस सीन, आणि त्यातला पहिला क्लोज-अप तुमचाच. समोर तुमच्यापेक्षा नावाजलेला नट असेल आणि कॅमेरा त्याच्यावरच रेंगाळत असेल, तर पाहणाऱ्याला नेमकं कोणाकडे बघायचं तेच कळत नाही. गाण्यावर कापलेले, स्लो मोशनमध्ये वळून बघणारे शॉट्स गाळा. त्यातून चेहरा कळतो, काम कळत नाही. नाटकाचं चित्रीकरणही शक्यतो नको: शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज आणि हातवारे कॅमेऱ्यात मोठे वाटतात.

अनेक सीन असतील तर एक तुकडा १५ ते ३० सेकंदांचा. गोष्ट कळायची गरज नसते. सीनच्या मधूनच आत शिरा. एडिट करताना समोरच्याची वाक्यं कापा, पण ती ऐकतानाचा तुमचा चेहरा कापू नका. स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा असलेला नट तिथेच ओळखू येतो, आणि खरोखर ऐकणाराही.

हातात फुटेजच नसेल तर सीन लिहून शूट करावा लागतो. गाजलेल्या सिनेमातला सीन घेऊ नका, मूळ नटाशी तुलना होते आणि ती तुम्हाला महागात पडते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, त्यामुळे पानभर पुरे. दोन माणसं, एकाला काहीतरी हवंय, दुसरा देत नाही, आणि मध्यावर काहीतरी असं कळतं की मागणाऱ्याचा सूर बदलतो. हा बदल नसेल तर सीन कितीही सुंदर लिहिला असला तरी रीलमध्ये सपाट दिसतो. रडणं, दारू पिऊन बडबडणं, फोनवरचं लांबलचक भाषण हे नव्यांचे लाडके विषय. टाळलेले बरे, कारण बहुतेक छोट्या भूमिकांत साधं बोलणंच असतं आणि ते जमतं का, हेच पाहायचं असतं. भूमिका आज तुमच्या चेहऱ्याला मिळू शकेल अशीच निवडा. पंचविशीतल्या नटाने दाढी चिकटवून म्हातारा करून उपयोग नाही.

फोनवर शूट केलं तरी हरकत नाही. मागचा कॅमेरा वापरा, फोन स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला, आणि तुमच्यापासून दीड-दोन मीटर लांब. वाइड लेन्स तोंडाजवळ आणली की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर तुम्ही हललात की उजेड वरखाली होतो. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर १/५० सेकंद ठेवा. खिडकी तिरकी समोर असावी, पाठीमागे कधीच नाही. ढग येत-जात असतील तर दोन टेकमधला उजेड जुळत नाही आणि कट डोळ्यांत खुपतो. समोरची वाक्यं वाचणारा माणूस लेन्सला अगदी खेटून उभा राहू दे. तो बाजूला लांब गेला की तुमचा अर्धाच चेहरा दिसतो. त्याने हळू बोलावं, कारण तो फोनजवळ असल्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो.

आवाजाकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं, आणि रील तिथेच पडते. थोडं अंधुक चित्र लोक सोसतात, न कळणारं वाक्य सोसत नाहीत. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत. खोली घुमत असेल तर फ्रेमबाहेर रजया टांगा, पंखा बंद करा, आणि रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज वेगळा रेकॉर्ड करा, कटच्या फटी बुजवायला तो लागतो. एडिटमध्ये संवादाची टोकं उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि सगळ्या तुकड्यांचा आवाज एकसारखा करा. पार्श्वसंगीत वगळा.

दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमधलं फुटेज हवं असेल, तर ते काम स्वीकारतानाच लेखी मागा: प्रदर्शनानंतर माझ्या सीनमधले इतके सेकंद रीलसाठी वापरेन. काम संपल्यावर मागणाऱ्याला कोणी फारसं विचारत नाही. प्रदर्शनाआधी एक सेकंदही बाहेर टाकू नका.

शेवटी फाइल १९२०×१०८० पिक्सेलमध्ये, एमपी४ प्रकारची, एच.२६४ या कॉम्प्रेशनमध्ये (एडिटिंग ॲपमध्ये एक्सपोर्ट करताना हे पर्याय दिसतात). नावात तुमचं नाव असू दे, ‘फायनल ३’ नको. ईमेलला जोडू नका, लिंक द्या, आणि ती लॉगिनशिवाय उघडते का ते ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत तपासा. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल नंतर बदलता येत नाही, नवी रील म्हणजे नवी लिंक. त्यामुळे जुनी लिंक लोकांच्या व्हॉट्सॲपमध्ये पडून राहते आणि ते जुनंच काम बघतात. रील स्वतःच्या एका साध्या पानावर लावून त्या पानाचा पत्ता वाटलात, तर आतला व्हिडिओ हवा तेव्हा बदलता येतो.